स्थलांतरित पक्षी रोग कसे पसरवतात? तलावावर पक्षी बघायला जाणं धोक्याचं आहे का?

बर्ड फ्लूचंच घ्या. हा विषाणू पाणपक्ष्यांच्या, विशेषतः बदकांच्या आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून पाण्यात उतरतो. थंड पाण्यात तो कित्येक दिवस टिकतो. तेच पाणी दुसरे पक्षी पितात. अनेक रानबदकं लागण होऊनही आजारी दिसत नाहीत, त्यामुळे ती विषाणूसकट पुढच्या पाणथळीपर्यंत पोहोचतात. सगळेच मात्र वाचत नाहीत. २००५ साली चीनच्या छिंगहाई सरोवरावर आणि २०२०-२१च्या हिवाळ्यात हिमाचलच्या पोंग धरणावर पट्टकादंब हंस हजारोंनी मेले.

वेस्ट नाईल या दुसऱ्या विषाणूची तऱ्हा वेगळी: डास आधी बाधित पक्ष्याला चावतो, मग माणसाला. काही पक्षी पिसांत गोचिड्याही वाहून नेतात.

पण सगळं खापर पक्ष्यांवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. कोंबड्यांची ने-आण, न धुतलेले पिंजरे, गाड्यांची चाकं, बुटांना लागलेली विष्ठा यांतूनही बर्ड फ्लू एका पोल्ट्रीतून दुसऱ्या पोल्ट्रीत जातो.

दुर्बिणीतून पक्षी खुशाल बघा. मेलेल्या किंवा आजारी पक्ष्याला मात्र हात लावू नका. वनखात्याला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. घरी कोंबड्या असतील तर तलावावरचे बूट खुराड्यात नेऊ नका.