हिमोग्लोबिनचे जनुक वाचले जाते कोठे?

प्रश्न : आमच्या शाळेत सिकलसेलची तपासणी झाली, तेव्हा हा आजार जनुकातील एकाच अक्षराच्या बदलामुळे होतो असे सांगण्यात आले. परंतु तांबड्या रक्तपेशीत केंद्रकच नसते. मग हिमोग्लोबिनचे जनुक वाचले जाते कोठे, आणि एका अक्षराने एवढे बिघडते कसे?
– दहावीची विद्यार्थिनी, धानोरा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : तांबड्या पेशी अस्थिमज्जेत घडतात आणि घडत असताना त्यांना केंद्रक असते. बहुतेक हिमोग्लोबिन त्याच काळात तयार होते. पुढे केंद्रक बाहेर टाकले गेल्यावरही आधीच्या एम-आरएनएवरून, म्हणजे जनुकाच्या संदेशवाहक प्रतीवरून, ते थोडे बनत राहते. पूर्ण वाढलेल्या पेशीत मात्र नवे प्रथिन बनत नाही.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. प्रतिलेखनात डीएनएच्या एका धाग्याला पूरक असा आरएनए तयार होतो आणि त्यात थायमिनऐवजी युरॅसिल असते. उत्तरपत्रिकेत नेमके हेच विसरले जाते. या आरएनएतील प्रथिनात न उतरणारे दोन भाग, म्हणजे इन्ट्रॉन, कापले जातात. उरलेल्या एम-आरएनएवरील तीन-तीन अक्षरांच्या संकेतांप्रमाणे टी-आरएनए (अमिनो आम्ले वाहून आणणारे छोटे आरएनए) रायबोझोमपाशी, म्हणजे पेशीत प्रथिने जोडली जातात तेथे, अमिनो आम्ले आणतात व १४६ अमिनो आम्लांची साखळी पूर्ण होते.

या साखळीतील सहाव्या अमिनो आम्लाचा संकेत जीएजी असून त्याचा अर्थ ग्लुटामिक आम्ल असा आहे. सिकलसेलमध्ये त्याचा जीयूजी होतो आणि त्या जागी व्हॅलिन बसते. मात्र त्याच संकेताचे तिसरे अक्षर बदलून जीएए झाले असते, तर प्रथिनात काहीच फरक पडला नसता, कारण जीएए हाही ग्लुटामिक आम्लाचाच संकेत आहे. म्हणून ‘एका अक्षराने आजार होतो’ हे विधान मला अपुरे वाटते. कोणते अक्षर बदलले आणि त्यामुळे कोणते अमिनो आम्ल आले, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्याशी सहज जुळते, तर व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते. ते रेणूच्या पृष्ठभागावर असल्याने ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे लांब तंतू बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते.

तपासणीतील सोल्युबिलिटी चाचणीत रुग्ण आणि वाहक या दोघांच्याही रक्ताचे द्रावण गढूळ होते, त्यामुळे पुढे इलेक्ट्रोफोरेसिस करावे लागते. व्हॅलिनमुळे ऋणभार कमी झालेले हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते. वाहकाच्या नमुन्यात दोन्ही हिमोग्लोबिनचे पट्टे दिसतात, कारण त्याला एका पालकाकडून साधे आणि दुसऱ्याकडून बदललेले जनुक मिळालेले असते.