टोंकिन आखातातील हल्ल्याबाबत अमेरिकी सरकार १९६४ मध्ये खोटे बोलले होते का?

होय, निदान महत्त्वाच्या भागाबाबत. २ ऑगस्ट १९६४ रोजी उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यालगतच्या या आखातात त्या देशाच्या टॉर्पेडो नौकांनी ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी विनाशिकेवर चाल केली, याबद्दल वाद नाही. सरकारने सांगितलेला ४ ऑगस्टच्या रात्रीचा दुसरा हल्ला मात्र झालाच नव्हता. घटनास्थळी असलेले कॅप्टन जॉन हेरिक यांनी काही तासांतच खराब हवामान आणि अतिउत्साही सोनारचालक (पाण्याखालील आवाज टिपणारी यंत्रणा हाताळणारे) यांमुळे गैरसमज झाला असावा, म्हणून पूर्ण फेरतपासणीपूर्वी पुढील कारवाई करू नये, असे कळवले होते. तरीही अध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच रात्री दूरचित्रवाणीवरून प्रत्युत्तराची घोषणा केली.

अंधारात झालेली चूक समजून घेता येते. मला अक्षम्य वाटते ती त्यानंतरची लपवाछपवी. दक्षिण व्हिएतनामी नौका अमेरिकेच्याच गुप्त योजनेनुसार उत्तरेच्या बेटांवर मारा करत होत्या, आणि संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी मात्र सिनेटच्या समित्यांना, आपल्या नौदलाचा त्या कारवायांशी काहीही संबंध नाही आणि त्यांची माहितीही नाही, असे सांगितले. ज्यांच्याकडे युद्धाची परवानगी मागायची, त्यांनाच अर्धवट चित्र दाखवले गेले. ७ ऑगस्टला अध्यक्षांना लष्करी कारवाईची मुभा देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, तर सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. विरोध करणारे दोघे होते वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग. पुढे या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि लाखो व्हिएतनामी माणसे मृत्युमुखी पडली.

दुसऱ्या हल्ल्याच्या दाव्याशी जुळेल अशाच रीतीने गुप्तसंदेशांची माहिती पुढे केली गेली, हे दाखवणारा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतील इतिहासकाराचा अभ्यास २००५ मध्ये खुला झाला.