गंजलेल्या पार्टला मळीचं पाणी

जुन्या गाडीचे गंजलेले ब्रॅकेट, बिजागऱ्या, जॅकचा सांगाडा असलं काही काढलंयस तर लगेच ग्राइंडर लावू नकोस, चांगलं लोखंडही जातं. आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात ऊस भरपूर, तेव्हा गंज काढायला जनावरांच्या खाद्याची मळी (मोलॅसिस, साखर कारखान्यात उरणारा काळा पाक) बघ. काकवीही चालते, पण ती खायची वस्तू, महाग पडते.

आधी ग्रीस रॉकेलने किंवा डिझेलने काढ आणि साबणाने धू. तेलकट जागी मळी लागतच नाही आणि गंजाचे ठिपके तसेच राहतात. प्लॅस्टिकच्या बादलीत 1 भाग मळी, 9 भाग पाणी. पार्ट पूर्ण बुडाला पाहिजे. अर्धा वर राहिला तर पाण्याच्या रेषेवर खड्डा पडतो. झाकण सैल ठेव, पाणी आंबून वायू सुटतो. वास येणारच, बादली परसात ठेव. 1 ते 2 आठवडे लागतात. घाई असेल तर लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड), पण दर तासाला बघायचं, कारण ते चांगलं लोखंडही खातं.

ॲल्युमिनियम किंवा जस्ताचं काही बुडवू नकोस. कार्बुरेटर तर मुळीच नाही, विरघळून जाईल. लिंबूसत्त्वात स्प्रिंग आणि हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारे) बोल्टही नकोत, आतून ठिसूळ होतात.

बाहेर काढल्यावर काळा थर ब्रशने घास. लिंबूसत्त्व वापरलं असेल तर लिटरला 2 चमचे खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुचकळ. लगेच हेअर ड्रायरने वाळव आणि तेल लाव. खानापूरकडच्या पावसात तर चहा होईपर्यंत परत तांबूस होतं.