ऑस्ट्रेलियात नर्स म्हणून जायचंय. तिथे वंशभेद कितपत आहे? 'बहुसांस्कृतिक देश' म्हणतात ते खरं का? सोबत दोन मुलं आहेत.

तुमच्या प्रश्नाला एकाने "मान खाली घालून काम केलं की काही त्रास नाही" असं उत्तर दिलंय. ते वाचलं आणि राहवलं नाही. हे वाक्य मी इतकी वर्षं घरातच ऐकत आले आहे.

मी मिरजेची. नर्सिंग तिथेच केलं, मुंबईत चार वर्षं नोकरी केली आणि २००८ मध्ये नवऱ्याच्या शिक्षणासाठी आम्ही मेलबर्नला आलो. इथे नर्स म्हणून नोंदणी व्हायला मला बरीच वर्षं लागली. मध्ये मुलगी झाली, इंग्रजीची परीक्षा दोनदा राहिली. तोवर वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये केअरर होते. काम तुम्हाला माहीत आहे: अंघोळी, पॅड बदलणं, कूस बदलणं, होइस्टने, म्हणजे उचलायच्या यंत्राने, उचलून खुर्चीत बसवणं, भरवणं.

२६ जानेवारी २०१४ ला मी नागरिकत्वाची शपथ घेतली. आदल्या संध्याकाळी अ‍ॅडम गुड्स या मूळनिवासी फुटबॉलपटूला 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा देशाचा मानाचा पुरस्कार जाहीर झाला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या म्हणून मला फार भारी वाटलं होतं.

त्याच वर्षीच्या जुलैतली गोष्ट. माझ्याकडे नव्वदीच्या एक आजी होत्या, आठ महिने मीच त्यांचं सगळं करत होते. स्मृतिभ्रंश खूप वाढलेला. बिनसलेल्या सकाळी "काळे हात लावू नकोस मला" म्हणून ओरडायच्या. त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. अशा वेळी काय करायचं ते केअर प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं: बाजूला व्हा, दहा मिनिटांनी परत जा. परत गेलं की त्याच आजी तेच हात धरून झोपायच्या.

पण त्यांच्या मुलाला स्मृतिभ्रंश नव्हता. साठीचा, नीटनेटका, दर नाताळात आम्हाला चॉकलेटचा डबा आणणारा माणूस. त्याने काउंटरवर मॅनेजरला सांगितलं की आईला सकाळी 'ऑस्ट्रेलियन मुली' द्या. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, टॉवेल घेऊन. त्याने आवाजही कमी केला नाही. मी तेव्हा त्याच्याइतकीच ऑस्ट्रेलियन होते, कागदोपत्री सहा महिन्यांची का असेना.

दुसऱ्या दिवशी रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, बदललेलं. मी, एक फिलिपिनो मुलगी आणि एक केनियाची बाई, तिघींची नावं त्या विंगमधून उचलून दुसरीकडे टाकली होती. उरलेल्या दोघी गोऱ्या मुलींवर दुप्पट ओझं पडलं, त्यांच्या पाठी धरल्या, त्याही वैतागल्या. मॅनेजर बाई वाईट नव्हती. "मनाला लावून घेऊ नकोस, घरच्यांना शांत ठेवायचंय," एवढंच म्हणाली.

त्या रविवारी आम्ही थोरल्या दिरांकडे जेवायला होतो. आम्ही त्यांना दादा म्हणतो. ते १९९६ पासून इथे आहेत, इंजिनिअर आहेत, आमचे पहिले चार महिने त्यांच्याच घरात गेले, त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. मी सगळं सांगितल्यावर दादा म्हणाले, "आपण पाहुणे आहोत इथे. पाहुण्याने यजमानाच्या घरात खोड्या काढू नयेत." नवरा गप्प. जाऊबाईंनी वाटीत आमटी वाढली. मीही गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा राग मला रोस्टरच्या रागाहून जास्त आला.

सोमवारी मी इन्सिडेंट रिपोर्ट भरला. तारीख, वेळ, कोण काय बोललं, समोर कोण होतं, रोस्टर आधी काय होतं आणि नंतर काय झालं. मला काय वाटलं याची एक ओळही त्यात नव्हती, आणि तेच पुढे कामाला आलं. फॉर्म परत आला: हा पडझडीसाठी आणि औषधांच्या चुकांसाठी असतो. मग मी मॅनेजमेंटला पत्र लिहिलं आणि एकच प्रश्न विचारला, की माझं नाव कोणत्या नियमाने हलवलं. युनियनची प्रतिनिधी एक ग्रीक वंशाची बाई होती. तिने मला १९७५ च्या वंशभेदविरोधी कायद्याचं कलम दाखवलं. नोकरीत वंश किंवा रंग पाहून वेगळं वागवणं या कायद्याने चालत नाही, मागणी कुटुंबाची असली तरी. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार फुकट करता येते, वकील लागत नाही, आणि आयोग आधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतो. आमचं तिथवर गेलंच नाही. तीन आठवड्यांनी बैठक झाली आणि ठरलं ते असं: अंघोळीला बाईच हवी, आपली भाषा बोलणारी हवी, हे कुटुंब मागू शकतं. रंग मागू शकत नाही. रोस्टर पूर्ववत झालं.

माफी कुणीही मागितली नाही. आजी नोव्हेंबरमध्ये गेल्या, शेवटच्या दिवशी त्यांचे ओठ मी ओले करत होते. मुलगा सगळ्यांशी हात मिळवून गेला, माझ्याशी नाही.

फिलिपिनो मुलीने पत्रावर सही केली नव्हती. तिचा व्हिसा त्याच मालकाच्या स्पॉन्सरशिपवर होता. तिला मी कधीच दोष दिला नाही, तुम्हीही आपला व्हिसा कोणाच्या हातात आहे ते आधी बघा. मान वर करणं कुणाला किती परवडतं हे त्यावर ठरतं.

त्याच वर्षी पेपरात त्याच १९७५ च्या कायद्याच्या कलम १८सीवरून वाद पेटला होता. वंशावरून चारचौघांत कुणाचा अपमान करणं, धमकावणं बेकायदेशीर ठरवणारं हे कलम १९९५ मध्ये आलं. ते ढिलं करायचा सरकारचा विचार होता. लोकांना पूर्वग्रह बाळगायचा हक्क आहे, असं अ‍ॅटर्नी जनरल जॉर्ज ब्रँडिस मार्चमध्ये सिनेटमध्ये म्हणाले. ग्रीक, ज्यू, चिनी, अरब, भारतीय, मूळनिवासी अशा सगळ्यांच्या संघटना एकत्र विरोधात उभ्या राहिल्या आणि ऑगस्टमध्ये सरकारने तो विचार सोडला. यातले कुणीही मान खाली घालून बसले नव्हते.

दादांना हे पटत नाही, कारण इथलं दार त्यांना उघडं सापडलं. गोरे नसलेल्यांना आणि नकोशा माणसांना बाहेर ठेवणारा १९०१ चा कायदा असा होता की अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्द सांगणार, ते लिहिता आले नाहीत की परत जा. १९३४ मध्ये एगॉन किश नावाच्या पत्रकाराला बऱ्याच भाषा यायच्या, म्हणून त्याची परीक्षा स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली. ही परीक्षा १९५८ मध्ये बंद झाली, आणि स्थलांतरितांच्या निवडीतून वंश पूर्ण काढला तो १९७३ मध्ये, व्हिटलम सरकारने. म्हणजे दादा आले तेव्हा या गोष्टीला तेवीसच वर्षं झाली होती.

आता तुमचं 'बहुसांस्कृतिक'. २१ मार्चला इथे 'हार्मनी डे' असतो. आम्हाला नारिंगी रिबन लावून साडीत या, समोसे आणा, असं सांगतात. जगात हा दिवस वंशभेदाविरुद्धचा म्हणून पाळतात, कारण १९६० मध्ये याच दिवशी दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसं गोळ्या घालून मारली. ते कळल्यापासून मी समोसे नेत नाही.

खरी बहुसांस्कृतिकता मी बघितली ती एका इटालियन आजींच्या खोलीत. साठ वर्षं इथे राहून शिकलेलं इंग्रजी त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं, राहिली ती फक्त गावाकडची भाषा. मग १३१ ४५० ला, सरकारी दुभाषी सेवेला, फोन लावायचा, दुभाषी जोडून घ्यायचा, रात्री दोन वाजताही. उशाशी चित्रांचे कार्ड. रेडिओवर एसबीएस या सरकारी बहुभाषिक केंद्राचा इटालियन कार्यक्रम. मी 'आक्वा' आणि 'दोलोरे' शिकले, पाणी आणि वेदना, तेवढ्यावर अर्धी रात्र निभावते. दुखतंय हे आपल्या भाषेत सांगायची सोय सरकारने पगारी माणसं ठेवून केली आहे. आपल्याकडे मुंबईतल्या वॉर्डात कन्नड किंवा भोजपुरी बोलणारी म्हातारी आली की आपण काय करतो ते आठवा.

आणि हेच इटालियन पन्नास-साठच्या दशकात ट्रॅममध्ये आपल्या भाषेत बोलले की शिव्या खायचे. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या अर्थतज्ज्ञांनी चार हजारांहून जास्त बनावट नोकरी-अर्ज पाठवून बघितले होते. इंग्रजी नावाला जितक्या मुलाखती मिळतात तितक्याच मिळवायला इटालियन नावाला १२ टक्के जास्त अर्ज करावे लागतात, चिनी नावाला ६८ टक्के जास्त. वंशभेद किती, याचं उत्तर हे असं आहे. रस्त्यावर शिवी क्वचित मिळेल. तो भेटतो रोस्टरमध्ये, बढतीत, भाड्याचं घर बघायला गेल्यावर.

एक गोष्ट मराठी वाचकांसाठीच. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियाचा कृष्णवर्णीय क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्सकडे बघून माकडाचे हावभाव करणारे आपलेच लोक होते. मी तेव्हा मुंबईतच होते, हॉस्पिटलच्या टीव्हीवर त्याची बातमी बघितली आणि आम्ही सगळ्या हसलो. २०१५ मध्ये अ‍ॅडम गुड्सची मैदानोमैदानी हुर्यो व्हायला लागली, शेवटी त्याच वर्षी तो खेळ सोडून गेला. तेव्हा आमच्या गणपतीच्या जेवणात कुणीतरी म्हणालं, "ही मूळनिवासी माणसं फुकटचं खातात आणि वर रडतात." पंगतीत पंचवीस-तीस माणसं होती. मीही होते, पत्र लिहून वर्ष झालेली. काही बोलले नाही. आणि खोली भाड्याने द्यायच्या आधी विद्यार्थ्याचं आडनाव विचारून जात चाचपणारी माणसं याच पंगतीतली.

दादांच्या 'पाहुणे' या शब्दाला मला नऊ वर्षांनी उत्तर सापडलं. १४ ऑक्टोबर २०२३ ला मूळनिवासींना संसदेपुढे आपलं म्हणणं मांडायला एक मंडळ द्यायचं का, यावर देशभर मतदान झालं. दहापैकी सहा जणांनी नाही म्हटलं. दादांनीही, ते त्यांनी स्वतःच सांगितलं. मी म्हटलं, दादा, आपण पाहुणे असू तर यजमान कोण? पन्नास हजार वर्षांहून जास्त इथे राहणारे, की १७८८ मध्ये जहाजांतून उतरलेले? यजमानाचा मान राखायचा होता तर त्यांचा राखायचा होता. दादा जेवण सोडून उठले नाहीत, पण बोललेही नाहीत.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या भागाबाहेर काम केलेलं नाही, लहान गावांतलं मला सांगता येणार नाही. बहुतेक कुटुंबं जीव लावतात. माझ्या मुलीला शाळेत आजवर कुणी दुखावलेलं नाही. २००९ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होत होते, मुलं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोर ठिय्या देऊन बसली होती, तेव्हा ट्रेनमध्ये आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका असे सल्ले दिले जायचे. आज मी रात्री अकराच्या ट्रेनमध्ये आईशी मराठीत फोनवर बोलत घरी येते. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले ६ लाख ७३ हजार निघाले, इंग्लंडनंतर दुसरा नंबर. म्हणून या, मुलांना घेऊन या. फक्त करारावर सही करायच्या आधी युनियनचा प्रतिनिधी कोण ते विचारा, आणि प्रत्येक तक्रारीची प्रत घरी ठेवा. पगाराचं, नोंदणीचं वेगळं विचारा, मी सांगेन.

३१ ऑगस्ट २०२५ ला शहराशहरांत स्थलांतराविरोधात मोर्चे निघाले. त्यांच्या पत्रकात भारतीयांचं नाव घेऊन लिहिलं होतं. सकाळीच दादांचा फोन आला, "आज बाहेर पडू नकोस." रविवार होता, माझी दुपारची शिफ्ट होती. मी गेले. त्या मजल्यावर सहा जणी होतो: दोघी केरळच्या, एक नेपाळची, एक फिलिपिनो, एक केनियाची आणि इन्चार्ज मी. चाळीस म्हातारी माणसं, चाळीस जेवणं, चाळीस झोपायची तयारी. रात्री घरी आल्यावर दादांना फोन लावला आणि ही यादी वाचून दाखवली.