वाचनालयाची वर्डप्रेस वेबसाईट अर्धवट राहिलीये, थीम डेमोसारखी दिसत नाही, मदत कुठे मिळेल?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय आहे, ओळखीच्या एका मुलाने होस्टिंग (साईट ठेवायची इंटरनेटवरची जागा) घेऊन वर्डप्रेस (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) टाकून दिलं आणि तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, तुम्ही स्वतः एक थीम (साईटचं तयार रूप) टाकली पण ती डेमोत, म्हणजे थीमच्या नमुना साईटवर, दिसते तशी दिसत नाही, मराठी मजकूर विचित्र दिसतोय, पुस्तकांची यादी टाकायचीय आणि पैसे फार नाहीत. तर फुकट मदत कुठे मिळेल की सरळ माणूस लावावा? मी वर्डप्रेसचीच कामं करतो, त्यात शाळा, वाचनालयं, पतसंस्था अशी लहान कामं बरीच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मदत भरपूर मिळते आणि त्यातली बरीच खरोखर फुकट असते, पण ती मागायच्या आधी अडचण नेमकी कोणाकडची आहे ते ओळखायला लागतं. वर्डप्रेसची साईट म्हणजे चार वेगवेगळ्या लोकांच्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. होस्टिंग एका कंपनीचं, मूळ वर्डप्रेस जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, थीम तिसऱ्याची आणि प्रत्येक प्लगिन (साईटला जादा सोय देणारा जोड) आणखी कोणाचं तरी. साईट उघडतच नाही, ईमेल जात नाहीत, डोमेन (साईटचा पत्ता) संपलं, हे होस्टिंगवाल्याकडे विचारायचं. मेनू मोबाईलवर नीट उघडत नाही हे थीमवाल्याकडे. फॉर्म भरला तरी काही येत नाही, हे आधी त्या फॉर्मच्या प्लगिनवाल्याकडे. लोक सगळे प्रश्न एकाच ठिकाणी विचारतात, मग आठवडाभर कोणी उत्तर देत नाही आणि वाटतं वर्डप्रेसला सपोर्टच नाही.

मूळ वर्डप्रेसचा कस्टमर केअर नंबर नसतो हे आधी लक्षात ठेवा. 2003 मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या एका जुन्या ब्लॉगिंग सॉफ्टवेअरवरून ते सुरू केलं, आणि आजही ते जीपीएल या मुक्त लायसन्सखाली सगळ्यांना मोकळं आहे. वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या सपोर्ट फोरमवर उत्तरं देणारे बहुतेक लोक आपला वेळ काढून देतात. गुगलवर 'वर्डप्रेस हेल्पलाइन' म्हणून फोन नंबर दिसला तर अजिबात लावू नका. आणि फोरमवर तुमचा पासवर्ड कोणालाही द्यायचा नसतो, तिथल्या नियमातच ते बसत नाही, कोणी लॉगिन मागितलं तर तिथेच थांबा.

आता तुमची थीम. डेमोसारखी न दिसण्याचं मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण अगदी साधं आहे. वर्डप्रेस सुरुवातीला मुख्य पानावर ताज्या पोस्ट दाखवतं, आणि डेमोत तिथे एक वेगळं बनवलेलं पान असतं. डॅशबोर्डवर, म्हणजे लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या पानावर, सेटिंग्जमध्ये रीडिंगला जा, तिथे 'युअर होमपेज डिस्प्लेज' असं लिहिलेलं दिसेल, तिथे 'स्टॅटिक पेज' निवडा आणि तुमचं मुखपृष्ठाचं पान द्या. तरी फरक राहिला तर थीमसोबत डेमो इम्पोर्टची सोय आहे का ते बघा, कारण थीम टाकली म्हणजे डेमोतले फोटो, मेनू, मजकूर आपोआप येत नाहीत.

दुसरं म्हणजे तुमची थीम जुन्या पद्धतीची आहे की नव्या, हे आधी बघून घ्या, कारण यूट्यूबवरचा व्हिडिओ बघून 'माझ्याकडे हे बटणच नाही' असं होतं ते यामुळेच. डॅशबोर्डमध्ये अपिअरन्सवर माउस न्या, खाली 'एडिटर' दिसलं तर ती ब्लॉक थीम, म्हणजे नव्या पद्धतीची आहे, 'कस्टमाइझ' दिसलं तर बहुतेक जुन्या पद्धतीची. जानेवारी 2022 मध्ये वर्डप्रेस 5.9 आलं तेव्हापासून ब्लॉक थीममध्ये हेडर, फूटर, सगळंच एडिटरमधून बदलता येतं. त्याआधीचे व्हिडिओ कस्टमायझरचे, ते ब्लॉक थीमला लागू पडत नाहीत. त्यामुळे कुठेही मदत मागताना 'माझी थीम ब्लॉक थीम आहे' एवढं एक वाक्य लिहिलंत तरी समोरच्याची निम्मी विचारपूस वाचते.

प्रश्न कसा विचारायचा यावरच खरं तर उत्तर मिळणं अवलंबून असतं. 'माझी साईट बिघडलीये प्लीज हेल्प' याला कोणी काय उत्तर देणार. टूल्समध्ये साइट हेल्थ म्हणून आहे, त्यात इन्फो टॅबवर सगळी माहिती कॉपी करायचं बटण आहे, त्यात वर्डप्रेसचं व्हर्जन, पीएचपीचं व्हर्जन, थीम, चालू प्लगिन सगळं येतं, ते प्रश्नाखाली चिकटवा. मग लिहा की मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि ज्या पानावर दिसतं त्याची लिंक द्या. प्लगिनची अडचण असेल तर वर्डप्रेस डॉट ऑर्गवर त्या प्लगिनच्या पानावरच सपोर्टचा टॅब असतो, तिथे विचारा, तो प्लगिन बनवणारा बऱ्याचदा स्वतः उत्तर देतो. विकत घेतलेली थीम असेल तर मात्र तिच्या विक्रेत्याकडेच जायला लागतं, फुकटच्या फोरमवर विकतच्या वस्तूंचे प्रश्न घेत नाहीत.

विचारायच्या आधी एक गोष्ट घरीच करून बघा. 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग' नावाचं प्लगिन आहे, त्याचा ट्रबलशूटिंग मोड चालू केला की सगळी प्लगिन फक्त तुमच्यापुरती बंद होतात, साईटवर येणाऱ्या लोकांना काही फरक दिसत नाही. मग एकेक चालू करत जा. जे चालू केल्यावर अडचण परत आली ते दोषी. मी स्वतः कुठल्याही नव्या साईटवर हात घालताना आधी हेच करतो.

मराठी अक्षरांचं सांगतो, कारण याचं उत्तर इंग्रजी फोरमवर सहसा मिळत नाही. बहुतेक थीम इंग्रजीसाठी बनवलेल्या असतात, त्यात मथळ्यांना अक्षरांमध्ये जादा अंतर दिलेलं असतं, त्याला लेटर स्पेसिंग म्हणतात. इंग्रजीत ते छान दिसतं पण मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसायला लागतात. तुम्ही 'विचित्र' म्हणताय ते बहुधा हेच असणार. ते शून्य करा. ओळींमधलं अंतरही वाढवा, दीड पटीने भागत नाही, वरच्या वेलांट्या, मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना चिकटतात, मी साधारण 1.7 ठेवतो. फॉन्टसाठी मुक्ता चांगला आहे, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांनी केलेला, अनेक जाडीत मिळतो आणि फुकट आहे. लांब लेख वाचायला द्यायचे असतील तर 'तिरो देवनागरी मराठी' बघा, त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत, हिंदी पुस्तकातल्यासारखे नाहीत. वाचनालयाच्या साईटवर तरी हे जपायला हवं असं मला मनापासून वाटतं. ब्लॉक थीम असेल तर वर्डप्रेस 6.5 पासून एडिटरमधल्या स्टाइल्समध्ये टायपोग्राफीखाली फॉन्ट लायब्ररी आली आहे, तिथून फॉन्ट थेट टाकता येतो, वेगळं प्लगिन लागत नाही.

सेटिंग्जमध्ये जनरलला जाऊन साईटची भाषा मराठी करा, मग तारखा, 'पुढे वाचा' वगैरे मराठीत येतं. पण तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये डॅशबोर्डची भाषा इंग्रजी ठेवता येते, शिकताना तीच ठेवा, नाहीतर व्हिडिओतलं बटण आणि तुमच्या स्क्रीनवरचं बटण जुळवण्यातच वेळ जाईल.

आणि पोस्टचा पत्ता, म्हणजे स्लग. मराठी मथळा दिला की वर्डप्रेस पत्ताही मराठीतच बनवतं, पण त्याला साठवायला 200 अक्षरांची जागा असते आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह एन्कोड होऊन, म्हणजे टक्क्याच्या खुणा आणि रोमन अक्षरांत बदलून, 9 जागा खातं. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याचं चिन्ह सगळं वेगवेगळं धरून जेमतेम 22 चिन्हं मावतात. 'वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना' असा मथळा दिलात तर पत्ता 'सभेची' पाशी संपतो, 'सूचना' राहूनच जाते. पुढच्या वर्षी तोच मथळा दिला की शेवटी 2 चा आकडा लागतो आणि कुठली लिंक कुठल्या वर्षाची काही कळत नाही. शिवाय अशी लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्यांच्या खुणांची लांबच लांब माळ दिसते आणि सभासद ती उघडायला घाबरतात. म्हणून पब्लिश करायच्या आधी उजवीकडच्या पट्टीत स्लग बदला, रोमन अक्षरांत छोटा, 'sabha' आणि वर्ष एवढा पुरतो. मथळा मराठीच ठेवा.

माणूस लावायचा का? वरचं सगळं तुम्हीच करू शकाल, त्याला माणूस नको. पण सभासदांची ऑनलाइन वर्गणी घ्यायची असेल, किंवा साईट हॅक झाली असेल, तर लावा. लावताना काम लिहून घ्या: किती पानं, कुठला फॉर्म, किती वेळा बदल, पैसे किती टप्प्यांत. 'अमुक साईटसारखी सेम करून द्या' यावर पैसे ठरवू नका, त्यातून दोन्हीकडचे लोक नाराज होतात. त्याला तुमचा पासवर्ड देऊ नका, वेगळं ॲडमिन खातं काढून द्या आणि काम झालं की ते काढून टाका, काढताना त्याचा मजकूर दुसऱ्याच्या नावावर करायचा का असं वर्डप्रेस विचारतं, तिथे स्वतःचं नाव निवडा. थीमच्या फायलीत थेट बदल करू देऊ नका, चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बसणाऱ्या वेगळ्या छोट्या थीममध्ये) करायला सांगा, नाहीतर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं. विकतची थीम 'मी फुकट टाकून देतो' म्हणाला तर नको म्हणा, अशा नल्ड, म्हणजे लायसन्स तोडलेल्या, थीममधून व्हायरस शिरलेल्या साईट मी साफ केल्या आहेत आणि ते काम नवी साईट करण्यापेक्षा महाग पडतं. लायसन्स घ्यायचं तर वाचनालयाच्या नावावर, त्याच्या नावावर नाही, म्हणजे तो गेला तरी अपडेट चालू राहतात.

यात सगळ्यात तातडीचं डोमेन आणि होस्टिंग आहे. तो मुलगा बाहेरगावी गेलाय म्हणता, तर आजच त्याला फोन करा आणि डोमेन कोणाच्या ईमेलवर घेतलंय ते विचारा. बहुतेक वेळा ते त्याच्याच वैयक्तिक ईमेलवर असतं, त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, घाईत तसं होतं. पण रिन्यूअलचा मेल त्याला जाणार, तो बघणार नाही आणि डोमेन सुटणार. वाचनालयाचा एक ईमेल काढा, ग्रंथपाल आणि सचिव दोघांकडे त्याचा पासवर्ड ठेवा, डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेसचं मुख्य ॲडमिन खातं सगळं त्यावर वळवा आणि रिन्यूअलची तारीख कार्यकारिणीच्या वहीत लिहा. हे झाल्याशिवाय थीमला हात लावू नका. आणि हात लावायच्या आधी बॅकअप, अपड्राफ्टप्लस प्लगिनचं फुकटचं व्हर्जन पुरतं, फक्त बॅकअप त्याच होस्टिंगवर न ठेवता गुगल ड्राइव्हवर पाठवा.

प्रत्यक्ष भेटून शिकायचं असेल तर मुंबई, पुणे, नाशिकला वर्डप्रेसची मंडळी मीटअपला जमतात, तिथे लॅपटॉप घेऊन गेलात तर कोणी ना कोणी शेजारी बसून बघतं. मराठीत बोलता येतं हा मोठा फायदा. तोवर प्रयोग करायचे तर वर्डप्रेस प्लेग्राउंड आहे, ब्राउझरमध्येच एक कोरी वर्डप्रेस साईट उघडते, त्यात कितीही मोडतोड करा, तुमच्या खऱ्या साईटला धक्का लागत नाही.

आता पुस्तकांची यादी. प्रत्येक पुस्तकाचं वेगळं पान करत बसू नका. वाचनालयात आधीच ई-ग्रंथालय किंवा कोहा असं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातलाच शोधाचा दुवा साईटवर देता येतो का बघा, यादी दोन ठिकाणी सांभाळणं कोणाला जमत नाही. यादी एक्सेलमध्ये असेल तर टेबलप्रेस प्लगिन घ्या, त्यात फाइल टाकली की शोधता येणारं टेबल तयार होतं. एक्सेलमधून सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातली यादी) करताना 'यूटीएफ-8' वाला पर्याय निवडा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं येतील. आणि यादी जुनी असेल तर ती श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असण्याची शक्यता दाट, ती तशीच टाकली तर साईटवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. बदलणारी साधनं मिळतात पण ती 'ऱ्या', 'ऱ्हा' आणि रफार असलेल्या शब्दांत हमखास गडबड करतात, लेखकांची नावं बिघडतात. म्हणून पूर्ण यादी एकदम टाकू नका, आधी एका कपाटाची यादी बदला, ग्रंथपालांना छापून द्या आणि त्यांनी दाखल नोंदवहीशी ताडून बघितली की मग पुढचं कपाट घ्या.