बडोद्यात तिकिटाविना पाहता येणारा वारसा कुठे आहे?

आपण विचारले आहे की नाशिकहून बदली होऊन वडोदऱ्यात आल्यावर 9 वर्षांची मुलगी आणि सासूबाई यांना घेऊन जाता येईल असे वारशाचे विनामूल्य कार्यक्रम आणि प्रदर्शने इथे कुठे असतात आणि त्यांची बातमी कशी कळते. माझा जन्म दांडिया बाजारातला आहे आणि आम्ही घरात अजूनही या शहराला बडोदेच म्हणतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

कार्यक्रमाच्या जाहिरातीची वाट पाहत बसू नका, असे मी आधी सांगेन. या शहरातल्या दोन अत्यंत मोलाच्या चित्रभिंती एरवीही तिकिटाविना पाहता येतात आणि तरीही तिथे बहुतेक दिवशी चार माणसेसुद्धा नसतात.

सुरुवात रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यापासून करा. 1849 ते 1854 या काळात बडोदे संस्थानचे दिवाण असलेले भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. बाहेरून पाहताना तो आजूबाजूच्या इमारतींत दडल्यासारखा वाटतो, पण वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत भिंतींवर चौकटी-चौकटींनी कृष्णलीला, महाभारतातले प्रसंग आणि इंग्रज-मराठे यांच्या लढाया रंगवलेल्या आहेत. माझ्या आईला मी पहिल्यांदा तिथे नेले तेव्हा गुडघ्यांमुळे ती जिना चढायला तयार नव्हती. कशीबशी वर आली आणि एका चौकटीसमोर नाक लावून उभी राहिली, मग चित्रातल्या बाईच्या पदराकडे बोट दाखवत म्हणाली, "अगं, ही तर आपल्याच घरातली वाटते." त्या दिवशी आम्ही ती एकच खोली पाहिली आणि दीड तास कसा गेला ते कळले नाही. लेकीला तिथे न्याल तेव्हा तिला सगळा वाडा दाखवण्याचा आग्रह धरू नका. तिला एकच चौकट निवडू द्या आणि त्यातली माणसे काय करत आहेत ते तिच्याकडून ऐका. सासूबाईंसाठी मात्र जिना अरुंद आहे हे लक्षात ठेवा.

दुसरी जागा कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी सयाजीराव महाराजांनी, म्हणजे तिसऱ्या सयाजीरावांनी, ही वास्तू बांधून घेतली आणि तिच्या मधल्या दालनाच्या चार भिंती नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या वर्षांत टप्प्याटप्प्याने रंगवल्या. एका भिंतीवर गंगावतरण आहे, एकीवर मीराबाईचे चरित्र, एकीवर महाभारताचे युद्ध, आणि चौथीवर रवींद्रनाथ ठाकूर यांच्या 'नटीर पूजा' या नाटकातला प्रसंग. गंगावतरणाची गोष्ट सासूबाईंना पाठ असणारच. त्यांनी ती नातीला त्या भिंतीसमोर उभे राहून सांगावी, यापेक्षा चांगला मार्गदर्शक आपल्याला मिळणार नाही.

सयाजीबागेतल्या, म्हणजे जुन्या लोकांच्या कमाटीबागेतल्या, वस्तुसंग्रहालयाला तिकीट आहे, पण ते फार नाही, म्हणून त्याचाही उल्लेख करते. मुले इजिप्तची ममी आणि देवमाशाचा सांगाडा पाहायला धावतात, ते ठीकच आहे. पण 1951 च्या सुमारास अकोटा इथे जमिनीतून निघालेल्या जैन कांस्यमूर्ती पाहिल्याशिवाय बाहेर पडू नका. अकोटा आता शहरातलीच वस्ती आहे, आणि आपण रोज ज्या रस्त्याने जातो त्याच्या आसपास दीड हजार वर्षांपूर्वीच्या मूर्ती निघाल्या हे मुलीला सांगितले की तिचे पाहणे बदलते. शेजारच्या चित्रदालनाची इमारत 1914 मध्ये पूर्ण झाली होती, पण पहिल्या महायुद्धामुळे चित्रे इंग्लंडमध्ये अडकून पडली आणि दालन 1921 मध्ये लोकांसाठी उघडले. लक्ष्मीविलास राजवाडा आणि त्याच्या आवारातले फत्तेसिंहराव संग्रहालय यांचे तिकीट मात्र कुटुंबाला जड वाटू शकते. राजा रविवर्मा यांची चित्रे पाहायची असतील तर त्यासाठी वेगळा दिवस राखून ठेवा.

आता प्रदर्शनांविषयी. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा 1950 मध्ये सुरू झाली आणि नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारख्या चित्रकारांनी तिथे शिकवले. शैक्षणिक वर्ष संपताना तिथले विद्यार्थी आपले काम मांडतात आणि ते पाहायला कुणालाही जाता येते. काम करणारा मुलगा किंवा मुलगी चित्राशेजारीच उभी असते आणि लहान मुलांच्या प्रश्नांना मनापासून उत्तरे देते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. याच विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग 1952 पासून आहे. त्याच्या सूचना फलकावरही नजर ठेवा.

18 एप्रिल हा जागतिक वारसा दिन, 18 मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन आणि 19 ते 25 नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह, या तारखा दिनदर्शिकेवर आताच लिहून ठेवा, कारण व्याख्याने, छायाचित्रांची प्रदर्शने आणि वारसा फेऱ्या या दिवसांच्या आसपासच होतात. 18 एप्रिल आणि 19 नोव्हेंबरला पुरातत्त्व सर्वेक्षण आपल्या स्मारकांचे प्रवेशशुल्क माफ करत आले आहे. तेव्हा 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेले चांपानेर-पावागढ त्या दिवशी करता येईल. ते इथून 50 किलोमीटरच्या आसपास आहे. बातमी बहुधा स्थानिक गुजराती वृत्तपत्राच्या आतल्या पानावर आदल्या दिवशी येते, म्हणून गुजराती अक्षरे जमतील तितक्या लवकर शिकून घ्या. देवनागरी येणाऱ्याला फार दिवस लागत नाहीत.

आणखी एक, जे कुठल्याही प्रदर्शनाच्या यादीत सापडणार नाही. कार्तिकी एकादशीला मांडवीच्या विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघते. गायकवाड घराण्याचा त्या पूजेतला मान आजही चालू आहे. बघणारे बहुतेक गुजराती, देव विठ्ठल, असे ते दृश्य सासूबाईंना नक्की आवडेल. गर्दी फार होते, म्हणून मांडवीच्या दरवाजाशी न थांबता थोडे अलीकडे, एखाद्या दुकानाच्या पायरीवर त्यांना बसता येईल अशी जागा सकाळी लवकर जाऊन धरा.