मंडळी फुटली, घरात आजारपण, मानधन थकलेलं. अशा काळात पाळकाची आध्यात्मिक वाढ नेमकी कशी होते?

जय ख्रिस्त, पाळकसाहेब.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. आठ वर्षं तुम्ही एका लहान मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदसमूहाचे, पाळक आहात. गेल्या वर्षी अकरा कुटुंबं बाहेर पडली आणि वेगळी उपासना करू लागली. पत्नी आजारी आहे, मानधन तीन महिने आलेलं नाही. जो भेटतो तो बायबलमधला रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय ऐकवतो, आणि तुम्हाला तर आतून फक्त कोरडं वाटतंय. आपलं काय चुकतंय, असं तुम्ही विचारलंय.

मला वाटतं, चूक ते वचन ऐकवणाऱ्यांच्या घाईत आहे. संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा, असा तिथे क्रम आहे. 'धीर' या शब्दाच्या जागी मूळ ग्रीकमध्ये 'हुपोमोनी' आहे, म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणं. 'शील'साठी जो शब्द आहे त्यात पारखून खरं ठरल्याचा अर्थ आहे. आशा त्यानंतर येते. वर्षभरात तुम्ही पहिल्या पायरीवर उभे आहात आणि लोक तुमच्याकडे तिसऱ्या पायरीची साक्ष मागताहेत. पळून न जाता रविवारी उपासना घेताय, हीच सध्याची वाढ. ती आतून वाढीसारखी वाटत नाही, एवढंच.

मात्र संकट आपोआप कुणाला वाढवत नाही, हेही खरं. त्याच आगीतून एक जण मऊ होऊन निघतो, दुसरा कडू होऊन. पाळकाला यात एक जादा धोका असतो, तो म्हणजे त्याच्या हाताशी दर रविवारी व्यासपीठ असतं. सोमवारी काळजाला लागलेली गोष्ट शनिवारपर्यंत प्रवचनाचा मुद्दा होऊन बसते. देवापुढे ती मांडलीच जात नाही, थेट मंडळीपुढे जाते. टाळ्या नसल्या तरी 'आमेन' मिळतं, बरं वाटतं, आणि आतला हिशेब तसाच उघडा राहतो. पाळकांच्या कोरडेपणाचं हे सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी बोललं जाणारं कारण आहे, असं माझं मत आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे एक वही. प्रवचनाच्या टिपणांची नव्हे, वेगळी, कुणाच्या हाती लागणार नाही अशी. तिच्यात तीन रकाने पाडा: माझी चूक, दुसऱ्याचा अन्याय, आणि कुणाचीच चूक नाही असं. प्रत्येक दुखणं कुठल्या तरी एकाच रकान्यात लिहा. बसत नसेल तर त्याचे तुकडे करा. उदाहरणार्थ, मंडळी फुटली यात समितीला न विचारता घेतलेला एखादा निर्णय पहिल्या रकान्यात जाईल, तुमच्याबद्दल पसरवलेली खोटी गोष्ट दुसऱ्यात. पत्नीचं आजारपण तिसऱ्यात. पहिल्या रकान्याला पश्चात्ताप लागतो, दुसऱ्याला क्षमा आणि कधीकधी न्यायही, तिसऱ्याला फक्त विलाप. गोंधळ होतो तो रकाने मिसळल्यामुळे. आजारपणाला आपलं पाप चिकटवलं की माणूस नसलेल्या गुन्ह्याची माफी मागत बसतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल नेमकं हेच विचारलं, आणि येशूने दोन्ही पर्याय नाकारले. उलट, स्वतःची चूक 'छळ' म्हणून दुसऱ्या रकान्यात ढकलली की वाढ तिथेच थांबते.

विलाप कसा करायचा हे आपल्याकडे फारसं शिकवलं जात नाही. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि आपल्या उपासनेत मात्र उपकारस्तुतीच जास्त. तेराव्या स्तोत्रापासून सुरुवात करा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा सवाल मूळ इब्रीत चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. त्याच साच्यात आपलं लिहा: दोन ओळी तक्रार, दोन मागणी, दोन भरवसा. पंधरा मिनिटं पुरतात. तक्रारीत नावं आणि रकमा येऊ द्या: 'प्रभो, संकटात साहाय्य कर' असं गुळगुळीत नको, 'तीन महिन्यांचं मानधन नाही आणि औषधाचं बिल उद्या भरायचंय' असं लिहा. भरवशाच्या दोन ओळी खोट्या वाटत असतील तर त्या दिवशी लिहू नका. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. आठवड्यातून तीन वेळा, दीड-दोन महिने एवढं करून पाहा. रोज करायला गेलात तर दहाव्या दिवशी सुटेल आणि सुटल्याचीही टोचणी लागेल. स्वतःचे शब्द सुचतच नसतील तर गीतपुस्तकातली नारायण वामन टिळकांची गाणी एकट्याने मोठ्याने म्हणा. उसने शब्द चालतात.

आता शरीर. १ राजे १९ पुन्हा एकदा सावकाश वाचा, पण प्रवचनासाठी नको. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडुपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोप, निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाणी. परत झोप, परत भाकर. मग चाळीस दिवसांची चाल, आणि नंतर कुठे प्रश्न: तू येथे काय करतोस? तो प्रश्न दोनदा येतो आणि एलीयाचं उत्तर दोन्ही वेळा जवळजवळ शब्दशः तेच आहे. मध्ये वारा, भूकंप, अग्नी आणि ती मंद वाणी होऊन गेली तरी! त्याबद्दल देव त्याला रागावत नाही. त्याला तीन नेमकी कामं देतो, एक जोडीदार देतो, आणि सात हजार जण शिल्लक आहेत हा आकडा सांगतो. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. हे तीन महिने रात्रीच्या प्रार्थनासभा नऊला संपवा. आठवड्यातला एक दिवस फोन बंद ठेवा, सोमवार बरा. थकलेल्या अवस्थेत लांबलचक उपास धरू नका. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर ते विश्वासाचं मोजमाप समजू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारची 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं, आणि तिथे तुम्ही पाळक आहात हे सांगायची गरज नाही.

पैशाबद्दल पाळक बोलायला लाजतात आणि मग प्रवचनातून बोलतात. त्यापेक्षा खजिनदार आणि सचिव या दोघांना तारीख घालून पत्र द्या: कुठल्या महिन्याचं किती बाकी, घर चालवायला महिन्याला कमीत कमी किती लागतं, आणि समितीची बैठक कधी घ्याल. एक पान, तक्रारीचा सूर नको. सभासदांकडून हातउसने घेऊ नका. ज्याच्याकडून वीस हजार घेतलेत त्याच्या घरी उद्या नवरा-बायकोचं भांडण मिटवायला गेलात तर तुमचा शब्द हलका पडतो. आणि अर्पणातून 'तात्पुरते' पैसे कधीही उचलू नका, बाकी त्याहून मोठी असली तरी. अर्पण दोघांनी मोजावं, त्या दोघांत पाळक नसावा. दुसरं काम धरायची वेळ आली तर त्यात कमीपणा नाही. प्रेषित पौलाने करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवले. फक्त समितीला किंवा बिशपसाहेबांना आधी सांगून, लेखी परवानगीने.

फुटलेल्या कुटुंबांबाबत थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकही उत्तर देऊ नका. दुसऱ्या मंडळीत जाण्यासाठी दाखला मागितला तर आठवड्याच्या आत द्या. त्यांच्या घरी मयत झाली तर जा, मागच्या बाकावर बसा. मत्तयच्या अठराव्या अध्यायातला क्रम पाळा, आधी एकट्याने भेट, मग एक-दोघांना घेऊन. वहीतल्या पहिल्या रकान्यात जे लिहिलंत त्यातली एक नेमकी चूक तिथे कबूल करा. 'काही चुकलं असेल तर माफ करा' ही कबुली धरत नाहीत. आणि सार्वजनिक प्रार्थनेतून टोमणे मारू नका. 'प्रभो, ज्यांनी तुझ्या कळपात फूट पाडली त्यांची मनं उघड' ही प्रार्थना वर जात नाही, तिसऱ्या गल्लीत बरोबर पोहोचते.

घराबद्दल जरा थांबून लिहायला हवं. आपल्याकडे थोर सेवकांची चरित्रं सांगताना संकटं सांगतात, पण ती घरातल्या कुणी सोसली हे गाळतात. मिशनरी विल्यम कॅरीचंच घ्या. मराठीतला पहिला छापील नवा करार १८११ मध्ये त्याच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून आला. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी त्या छापखान्याला आग लागली. कागदाचा साठा, अनेक भाषांचे खिळे, वर्षानुवर्षांची हस्तलिखितं जळाली. राखेतून वितळलेलं शिसं गोळा केलं, वाचलेल्या ठशांवरून नवे खिळे ओतले, आणि काही महिन्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. हा भाग प्रत्येक मिशनरी सभेत ऐकायला मिळतो. गाळला जातो तो भाग असा: कॅरीची पहिली बायको डॉरथी १७९३ मध्ये मनाविरुद्ध हिंदुस्थानात आली, दुसऱ्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर गेला, त्यानंतर तिचं मानसिक संतुलन ढळलं आणि १८०७ मध्ये मरेपर्यंत ती सावरली नाही. पलीकडच्या खोलीत भाषांतर चालूच होतं. कॅरीला दोष देण्यासाठी हे सांगत नाही, त्या काळी उपचारच नव्हते. पण पुढाऱ्याची 'वाढ' घरच्यांच्या जिवावर होत असेल तर तिला वाढ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून पत्नीला एकदा स्पष्ट विचारा: या महिन्यात मी कोणतं एक काम सोडलं तर तुला सगळ्यात बरं वाटेल? ती जे म्हणेल ते सोडा, तुम्हाला जे सोयीचं ते नव्हे. पुढच्या आठ रविवारांपैकी चारांची प्रवचनं वडीलजन किंवा शेजारच्या मंडळीच्या पाळकांकडे द्या. शेजारच्यांशी व्यासपीठाची अदलाबदल केली तर तुमचं जुनंच प्रवचन तिकडे चालतं, नवी तयारी लागत नाही. तिच्या आजाराचा तपशील प्रार्थनाविनंतीत वाचण्याआधी तिची संमती घ्या. हे सांगायची वेळ यायला नको, पण येते.

एकटं सोसणं हे पाळकाला पावित्र्यासारखं वाटतं. गेथशेमानेत येशूनेही तिघांना जवळ घेतलं, ते झोपले तरी. तुम्हाला एक असा माणूस हवा जो तुमच्या मंडळीचा नाही, तुमच्या बदलीवर किंवा पगारावर ज्याचं मत चालत नाही, आणि जो वयाने मोठा आहे. निवृत्त पाळक असतील तर उत्तम. पंधरवड्यातून एक तास. त्या वहीतलं एक पान वाचून दाखवायचं, आणि त्यांनी शेवटी तीनच गोष्टी विचारायच्या: झोप किती, घरी काय चाललंय, कुणाचा राग धरून आहात. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री गप्प बसले होते तेवढा काळ चांगले होते, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा.

आता तुमचा शेवटचा उपप्रश्न: या सगळ्याबद्दल व्यासपीठावरून कधी बोलू? पौलात दोन्ही नमुने सापडतात. आशिया प्रांतात आपण जगण्याची आशा सोडली होती हे तो करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगून टाकतो, कुणावर ठपका न ठेवता. आपल्या एका सततच्या त्रासाला तो 'शरीरातला काटा' म्हणतो, त्याबद्दल मात्र वेगळं. ज्या प्रकटीकरणांमुळे तो काटा आला, त्यांतलं एक चौदा वर्षांपूर्वीचं असल्याचं तो सांगतो. काटा काय होता हे तर त्याने सांगितलंच नाही, लोक अजून अंदाज बांधताहेत. यावरून कामापुरता नियम काढता येतो. 'मी थकलोय, घरात आजारपण आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा' हे याच रविवारी सांगा. दोन मिनिटांत, प्रवचनाच्या बाहेर, सूचनांच्या वेळी. अकरा कुटुंबांची कथा मात्र तेव्हाच सांगा जेव्हा त्यांच्यापैकी कुणी बाकावर बसलेलं असलं तरी तुम्हाला एक शब्द बदलावा लागणार नाही. तोवर ती वहीत राहू द्या.

आणि मागायला लाजू नका. तुरुंगात शेवटचे दिवस मोजत असताना पौल तीमथ्याला लिहितो: दमासाने मला सोडलं, पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूला कुणी नव्हतं, त्रोवसात कार्पाजवळ ठेवलेला झगा आण, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं, आणि हिवाळ्यापूर्वी ये. देवाबद्दलचा पूर्ण भरवसा आणि थंडीसाठी झगा, दोन्ही एकाच पानावर. तुमच्या यादीत आज झग्याच्या जागी काय आहे ते लिहा, दवाखान्यात सोबत, महिन्याचा किराणा, दोन रविवारांचं प्रवचन, जे असेल ते. आणि ज्या दोघांना सांगता येईल त्यांना आजच फोन करा.